‘गुपितं वगळली तर माझ्याकडे शिकवण्यासारखं उरतं काय?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गुप्तवार्ता विश्लेषणात उभी हयात गेली, निवृत्तीनंतर संरक्षण दलांना सामग्री पुरवणाऱ्या कंपनीत सल्लागार झालात आणि आता पुण्यात संरक्षणशास्त्र शिकवायला बोलावणं आलंय. तुम्ही लिहिता, ‘पीएचडी नाही, केलेलं काम सांगायची मुभा नाही. वर्गात बोलू काय?’ त्यात लेक म्हणते, ‘बाबा, घरी तरी कधी काय सांगितलंत?’

पीएचडीची चिंता सोडा. यूजीसीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी पदवीची सक्ती नाही, किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. नेमणूक मात्र मुदतीची असते.

आता मूळ प्रश्न. मुलांना तुमची गुपितं नकोत, तुमची विचार करायची शिस्त हवी आहे. शर्मन केंट यांचंच उदाहरण घ्या. ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इतिहास शिकवायचे, पुढे सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेत गेले. १९५१ मध्ये त्यांच्या गटाने लिहिलं, युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. केंट यांच्या मनात होतं, हल्ला होईल याला ६५, होणार नाही याला ३५. सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणी ८०-२० म्हणालं, कुणी थेट २०-८०! आणि त्याच शब्दांना सगळ्यांनी संमती दिली होती. हाच प्रयोग पहिल्या तासाला करा. वर्तमानपत्रातलं एक भाकीत फळ्यावर लिहा, प्रत्येकाला चिठ्ठीवर टक्के लिहायला सांगा आणि मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. अर्धवट माहितीवर मत देण्याची जोखीम काय असते, हे मुलांना तिथल्या तिथे कळेल. तुम्ही ती वर्षानुवर्षं घेतलीत, म्हणून तुमच्या तोंडून ते खरं वाटेल.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. २०२१ च्या पेन्शन नियमांनुसार, तुमच्यासारख्यांनी आपल्या संस्थेच्या कामाशी संबंधित काही छापायचं तर संस्थाप्रमुखांची आगाऊ परवानगी लागते. नियम मोडला तर पेन्शनवर गदा येऊ शकते. वर्गात वाटायच्या टिपणांबद्दलही आधीच लेखी विचारून घ्या. आणि कंपनीशी असलेलं नातं विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. अजून मानधन घेत असाल तर विद्यापीठाला लेखी कळवा आणि तिच्या उत्पादनांवर वर्गात मत देऊ नका. शस्त्रखरेदीवर बोलणाऱ्या माणसाचे हितसंबंध ऐकणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

लेकीचं बोलणं मला तक्रार वाटत नाही. तिला तुम्ही हवे आहात. नाव, गाव, तारीख न सांगताही सांगता येईल, की अंदाज चुकण्याच्या भीतीने झोप कशी उडायची, कुणाशी बोलायची सोय नसायची. हे तिला आधी सांगा, वर्गाचं नंतर.

होकार कळवायला आठवडा आहे म्हणता. परवानगीचा अर्ज उद्याच टाका.