छाती आवळते तेव्हा : एमएस की हृदय?

या वेळच्या टपालात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे बरेच प्रश्न आहेत. त्यांतले बहुतेक छातीत दुखण्याबद्दलचे आहेत. सगळ्यांना लागू असलेली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दुखणं पहिल्यांदाच झालं असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर आधी ईसीजी, मग बाकीचा विचार. छातीदुखीत एमएसचा नंबर शेवटी लागतो.

प्रश्न : माझं वय 34 आहे, चार वर्षांपासून एमएस आहे. नौतप्यात दुपारी पोळ्या करताना अचानक छातीच्या खालच्या भागाभोवती कुणी परकराची नाडी ओढून बांधल्यासारखं झालं. श्वास पुरा घेता येईना. अर्ध्या तासाने सुटलं. जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी नॉर्मल आला, ‘गैस है, टेंशन मत लो’ म्हणाले. त्यानंतर दोनदा तसंच झालं. (सुदामानगर, इंदूर)

तुमच्या वर्णनावरून मला गॅस वाटत नाही. एमएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर उठते. मज्जारज्जूच्या मानेतल्या किंवा छातीच्या भागात या हल्ल्याचा व्रण असेल, तर धडाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. पेशंट लोक याला ‘एमएस हग’ म्हणतात. कुणाला ते छातीभोवती होतं, कुणाला पोटाभोवती, कुणाला एकाच बाजूला. स्तनाग्रांच्या रेषेतली संवेदना छातीच्या चौथ्या मज्जामुळाकडून येते, बेंबीच्या रेषेतली दहाव्याकडून. पट्टा कुठे बसतो यावरून व्रणाचा अंदाज येतो, पण अंदाजच, कारण व्रण पट्ट्याच्या बराच वर, मानेतही असू शकतो. म्हणून एमआरआय करताना मान आणि छाती दोन्ही भागांचा मागतात. तुमचा फक्त मेंदूचाच झाला असेल, तर न्यूरोलॉजिस्टना तसं सांगा.

हे दुखणं दोन प्रकारांनी होतं. एकात नस चुकीचा संदेश देते, मग जळजळ, मुंग्या, करंट लागल्यासारखं किंवा साडीचा काठ लागला तरी सहन न होणं. दुसऱ्यात बरगड्यांमधले स्नायू खरोखरच आखडतात आणि श्वास अडल्यासारखा वाटतो. हा भेद डॉक्टरांना नीट सांगितलात तर औषध नेमकं मिळतं. नसेच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलीन देतात, स्नायूंच्या आखडण्याला बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिन. क्रोसिन, कॉम्बिफ्लामचा इथे फारसा उपयोग नाही.

आता नौतपा आणि पोळ्या. मायलिन गेलेली नस उष्णतेत आणखी मंदावते. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हे टिपलं, म्हणून त्याला उटहॉफची घटना म्हणतात. यात नवा व्रण होत नाही, थंडावा मिळाला की उतरतं. पोळ्या सकाळी लवकर उरकणं, मानेवर ओला टॉवेल, कणीक मळायला दुसऱ्या कुणाला बसवणं, हे उपाय साधे दिसतात पण काम करतात. (शेवटच्या उपायाला घरातून विरोध होतो, हे मी ऐकून आहे.) मात्र पट्टा 24 तासांहून जास्त टिकला, सोबत पाय जड झाले किंवा लघवी अडली, आणि ताप वा लघवीचं इन्फेक्शन नसेल, तर तो एमएसचा नवा अटॅक असू शकतो. मग त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना कळवा.

आणि तो नॉर्मल ईसीजी. दुखणं थांबल्यावर काढलेला एकच ईसीजी फार काही सिद्ध करत नाही. दुखत असताना काढलेला आणि काही तासांच्या अंतराने दोनदा केलेली ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ताची) तपासणी, एवढं झालं की निर्धास्तपणे पट्ट्याकडे वळता येतं. तुमच्या वयात हृदयाची शक्यता कमी आहे, शून्य नाही. एकदा तपासून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा.

प्रश्न : बाबा 58 वर्षांचे आहेत, एमएस जुना आहे, शुगरही आहे. छाती आवळण्याचा त्रास त्यांना आधीपासून आहे. दोन आठवड्यांपासून जिना चढताना दुखतं, डावा खांदाही भरून येतो, बसले की पाच मिनिटांत थांबतं. दवाखान्यात यायला तयार नाहीत. म्हणतात, ‘हा माझा जुना पट्टा आहे, मला ओळखता येतो.’ (रामबाग, इंदूर)

काकांना आज न्या. उद्या नको.

जुना पट्टा ओळखू येतो हे खरं आहे, आणि त्यातच धोका आहे. श्रमाने येणारं, विश्रांतीने पाच-दहा मिनिटांत जाणारं, खांद्यात किंवा जबड्यात पसरणारं दुखणं हे हृदयाच्या रक्तवाहिनीचं आहे असंच धरून चालायचं. श्रमाने अंग तापतं आणि एमएसचा पट्टाही येऊ शकतो, पण तो सहसा बसल्या बसल्या पाच मिनिटांत जात नाही, अंग निवायला वेळ लागतो. मधुमेहात दुखणं कधी फार बोथट असतं, कधी नसतंच, नुसता घाम, दम, मळमळ. एमएस असलेला माणूस हृदयविकारातून सुटत नाही, उलट हालचाल कमी झाल्याने वजन, साखर, रक्तदाब सगळंच वाढतं. अनेक अभ्यासांत एमएस असलेल्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण थोडं जास्तच आढळलं आहे.

एक अडचण पुढे येईल. डॉक्टर ट्रेडमिल टेस्ट लिहितील आणि काका त्या फिरत्या पट्ट्यावर चालू शकणार नाहीत. दोन मिनिटांत पाय थकल्याने टेस्ट अर्धवट राहिली तर तिला नॉर्मल म्हणता येत नाही. अशा वेळी औषधाने हृदयाचा वेग वाढवून केलेला स्ट्रेस इको, न्यूक्लिअर स्कॅन किंवा सीटी अँजिओग्राफी हे पर्याय आहेत. तुम्ही स्वतःहून विचारा. आणि दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन चालू असेल तर कार्डिओलॉजिस्टना सांगा, हृदयाच्या रुग्णात ते जपून द्यावं लागतं.

बसूनही दुखायला लागलं तर स्कूटरवर मागे बसवून एम. वाय. हॉस्पिटलकडे निघू नका, 108 लावा.

प्रश्न : मी एमएससाठी ग्लाटिरामरची इंजेक्शनं घेते. परवा टोचल्यावर दोन मिनिटांत चेहरा लाल, छाती घट्ट, धडधड. पंधरा मिनिटांत सगळं शांत. पुढचं इंजेक्शन घ्यावं की नाही?

ही या औषधाची ओळखीची रिअ‍ॅक्शन आहे, बहुतेकदा काही मिनिटांत आपोआप जाते आणि हृदयाला इजा करत नाही. पण तिच्यासारखीच सुरुवात अ‍ॅनाफिलॅक्सिस या जीवघेण्या अ‍ॅलर्जीचीही असते. ती दुर्मीळ आहे, पण अनेक वर्षं औषध घेतल्यानंतरही आली आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, जानेवारी 2025 मध्ये या औषधावर तसा ठळक इशारा छापायला लावला. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घरघर, चक्कर, किंवा त्रास कमी होण्याऐवजी वाढणं यांतलं काहीही असेल तर लगेच इस्पितळ. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांशी बोलूनच, आणि ते घेताना घरात कुणीतरी असू द्या.

याच ओघात फिंगोलिमॉड ही एमएसची गोळी घेणाऱ्यांसाठी : पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावते म्हणून सहा तास देखरेखीत बसवतात. पहिल्या महिन्यानंतर कधी सलग 14 दिवसांहून जास्त खंड पडला, तर ती देखरेख पुन्हा लागते. गावाला जाताना गोळ्या विसरल्या आणि परतल्यावर स्वतःच पुन्हा सुरू केल्या, असं करू नका.

प्रश्न : आई व्हीलचेअरवर असते. पुण्याहून बसने रात्रभर प्रवास करून आलो. दुसऱ्या दिवसापासून डावी पोटरी सुजली आहे, आज श्वास घेताना छातीत टोचतं आणि दम लागतो.

हे वाचून होईपर्यंतही थांबू नये असं दुखणं आहे. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची शक्यता मोठी आहे. सोबत ताप, खोकला असता तर न्यूमोनियाचाही विचार केला असता. तुम्हाला वेगळं कळवलं आहेच. बाकीच्यांसाठी : पोटरी चोळू नका, आणि लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : उजव्या स्तनाखालून पाठीपर्यंत आग होते, ब्लाउज टेकवत नाही. फिंगोलिमॉड चालू आहे. पट्टाच ना?

आरशात बघा, रोज. एकाच बाजूला, मध्यरेषेशी थांबणारी आग आणि दोन-चार दिवसांत पाण्याचे फोड, म्हणजे नागीण. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत ती जास्त होते. पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. नागीण उतरवून घेण्यात हे तास घालवू नका. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस आता भारतात मिळते, तिच्याबद्दल विचारा.

प्रश्न : स्टेरॉइडचे पाच दिवस झाले. आता छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री आडवं झालं की जास्त.

अ‍ॅसिडिटी. सराफ्यातला मध्यरात्रीचा तळलेला गराडू काही आठवडे बंद, झोपण्याआधी तीन तास पोट रिकामं, उशाकडची बाजू उंच. काळी शौच झाली तर तातडीने दाखवा. डायजिनने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असा अर्थ मात्र काढू नका.

प्रश्न : कॅज्युअल्टीत एमएस सांगितलं की सगळं त्याच्यावरच ढकलतात. काय करावं?

मग वाक्यांचा क्रम बदला. आधी सांगा, ‘छातीत दुखतंय, इतक्या वाजता सुरू झालं, असं आधी कधी झालं नव्हतं.’ एमएस त्यानंतर. छातीदुखीच्या पेशंटचा ईसीजी दहा मिनिटांत व्हावा असा नियम आहे, तो तुम्ही शांतपणे मागू शकता. सोबत एक कागद ठेवा : औषधांची नावं आणि डोस, अ‍ॅलर्जी, तुमचा पट्टा नेहमी कुठे येतो व किती टिकतो, आणि बरं असतानाचा जुना ईसीजी. नवा ईसीजी जुन्याशेजारी ठेवून पाहणं ड्युटीवरच्या डॉक्टरला फार सोपं जातं. मोबाइलमधला फोटोही चालेल, फक्त त्या फोनचं लॉक उघडता येणारं कुणीतरी सोबत हवं.