वाचक विचारतात : अ‍ॅल्युमिनियमची बोट आरशासारखी चमकवायचीय

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षं मिनेसोटात राहतो. शेजाऱ्याकडून १४ फुटी जुनी अ‍ॅल्युमिनियमची फिशिंग बोट घेतलीय, रिव्हेटवाली, बिनरंगाची. सगळी राखाडी पडलीय आणि पाण्याच्या रेषेला पांढरट-पिवळा थर आहे. घरातला ओव्हन क्लीनर थोडासा मारून बघितला तर तेवढा पट्टा काळा पडला! मे महिन्यात वॉलआय माशाचा सीझन सुरू व्हायच्या आत ती आरशासारखी करायचीय. यूट्यूबवर लोक करतात तशी. कशी करू?

उत्तर : दादा, पहिलं काम म्हणजे तो ओव्हन क्लीनर परत ओव्हनपाशी ठेवून या. आपल्याकडे जर्मलचं पातेलं धुण्याच्या सोड्यात बुडवून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच झालंय हे. ओव्हन क्लीनरमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, तो अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातो, वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो, मग धातूलाच लागतो, आणि मिश्रधातूतलं जे विरघळत नाही ते काळं होऊन वर बसतं. डिशवॉशरची पावडर आणि ब्लीच पण नको. एका पट्ट्याने बोट मेली नाही, घाबरू नका, पॉलिशने निघेल ते.

आता खरी गोष्ट. तो राखाडीपणा म्हणजे घाण नाही, ऑक्साइडचा तो थरच तुमच्या बोटीचं चिलखत आहे. तुम्ही घासून काढला की नवा लगेच धरतो, म्हणून तर चमक टिकत नाही. आरसा करायचा म्हणजे ४०० नंबरच्या सँडपेपरने पाण्यात घासायचं, मग ६००, ८००, १०००, २०००, मग बफिंग कंपाउंड, मग पॉलिश, आणि १४ फुटी बोटीला दोन-तीन वीकेंड सहज जातात. त्यात रिव्हेटवर मशीन फिरलं तर डोकी झिजतात आणि बोट गळायला लागते. एवढं करून पाण्यात घातली की पुन्हा डागच. मी असतो तर बुडणाऱ्या भागाला हात लावला नसता, फक्त वरची कड आणि बाजू पॉलिश केल्या असत्या. पण बोट तुमची, हौस तुमची.

तो पांढरट थर कठीण पाण्यातला चुना आहे. आधी साध्या साबणाच्या पाण्याने नायलॉनच्या ब्रशने सगळी धुवा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, सावलीत, आणि खालून वर लावत जा, वरून लावलं तर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. पाच-दहा मिनिटांनी घासा, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. नाहीच निघालं तर फॉस्फरिक अ‍ॅसिडवाला बोट क्लीनर मिळतो, हातमोजे आणि गॉगल घालून वापरा. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक लिहिलेलं असेल तर मात्र दुकानातच ठेवा, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत त्रास देतं आणि सुरुवातीला कधी कधी दुखतसुद्धा नाही. आणि अ‍ॅसिडच्या जवळपास ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो.

भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी वापरू नका, तिचे कण धातूत रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके येतात. पॉलिश लावताना फडकं काळंकुट्ट होईल, ते बरोबर आहे, धातूच निघतोय. फडकं काळं झालंच नाही तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, आहे असं समजा, मग अ‍ॅसिड, सँडपेपर सगळं विसरा, नुसतं धुऊन गाडीचं वॅक्स लावा. उघड्या धातूलाही शेवटी वॅक्स हवंच.

एक राहिलं, बोटीच्या तळात पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पडलेली असेल तर उचलून घ्या, वरून तांबं असतं तिला, ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर ते पडून राहिलं की तिथे खड्डा पडतो. तांब्याचा अँटीफाउलिंग रंगसुद्धा (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून बुडणाऱ्या भागाला देतात तो) त्याच कारणाने नको. बाकी तळ्यातून बाहेर काढलीत की ड्रेन प्लग काढून पाणी सोडायचं, झेब्रा शिंपले त्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात पसरू नयेत म्हणून मिनेसोटात तो कायदाच आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न : आमची मालवणला फायबरची होडी आहे, पण आउटबोर्ड इंजिनच्या खालच्या भागावर रंगाखाली फोड येतात आणि फोडले की पांढरी पूड निघते. पॉलिश मारू का?

उत्तर : नको हो. तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा, पाणी खारं, पॉलिशने काय होणार? फोड खरवडून उघडं करा, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, अ‍ॅल्युमिनियमचा प्रायमर मारून वर रंग द्या. आणि इंजिनला जस्ताचा अ‍ॅनोड आहे का बघा, खाली छोटा राखाडी ठोकळा असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आधी तो झिजतो, त्याचं कामच ते. बरेच जण रंग देताना त्याच्यावरही ब्रश फिरवतात, मग तो असून नसल्यासारखा. निम्मा झिजला की बदला. रोज आल्यावर पिंपात गोडं पाणी भरून इंजिन त्यात पाच-दहा मिनिटं चालवा, आत बसलेलं मीठ त्यानेच जातं.