‘चालता चालता बोला’ की ‘बोलत बोलत चाला’?

प्रश्न असा आहे: पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला चालायला सांगतात आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी करायला देतात. या ‘ड्युअल टास्क’ तपासणीला ‘बहुकार्यक्षम चालक्षमता मूल्यांकन’ म्हणावं का? आणि रुग्णाला सूचना कशी द्यावी?

नाव बदला. ‘बहुकार्यक्षम’ म्हणजे अनेक कामांत तरबेज. इथे तेच तर अजून पाहायचं आहे. शिवाय कामं दोनच. ‘दुहेरी कामासह चालण्याची चाचणी’ एवढं पुरे.

खरी मेख सूचनेत आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद मुख्य ठरतं, ‘-ता’, ‘-त’वालं दुय्यम. ‘चालता चालता वजाबाकी करा’ म्हटलं की रुग्ण आकड्यांना धरून बसू शकतो आणि पाऊल मंदावू शकतं. ‘वजाबाकी करत चाला’ म्हटलं तर चाल सांभाळेल, पण आकडे चुकू शकतात. ‘चालून वजाबाकी करा’ तर साफ चूक, कारण ‘-ऊन’ने एकामागून एक असा क्रम होतो. म्हणजे लक्ष कुठे द्यायचं हे व्याकरणच सुचवून जातं, आणि दोन भेटींत वेगळं वाक्य वापरलं तर आकड्यांची तुलना भरवशाची राहत नाही. म्हणून सरळ सांगा: ‘नेहमीसारखं चाला. सोबत ९० मधून तीन-तीन वजा करत मोठ्याने आकडे सांगा. दोन्हीकडे सारखंच लक्ष द्या.’ हेच वाक्य कागदावर छापून ठेवा.

मोजमाप असं: दहा मीटर वाट, पहिले आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधले सहा मीटर मोजायचे. नुसतं चालताना ७.५ सेकंद लागले तर वेग ०.८ मीटर प्रतिसेकंद. आकडे म्हणत १० सेकंद लागले तर ०.६. फरक भागिले मूळ वेग, म्हणजे २५ टक्के. याला ‘कॉस्ट’ म्हणतात, पण मराठीत ‘किंमत’ वाचून रुग्ण पैशाचा विचार करील, ‘घट’ लिहा. वजाबाकी आधी खुर्चीत बसवूनही घ्यायची, वेगळ्या आकड्यापासून, नाहीतर आकड्यांतली घट कळणारच नाही. चाल तशीच राहिली पण उत्तरं कोलमडली, तर तीही घटच.

तपासणाऱ्याने दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं. पुढे चाललात तर रुग्ण तुमचाच वेग धरतो. काठी असेल तर दोन्ही वेळा तीच.

वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं किंवा भाषा समजणं बिघडणं) असलेल्याला मात्र तोंडी काम देऊ नका. तिथे घट दिसते ती बोलण्याची की चालण्याची, सांगता येत नाही. चांगल्या हातात पाण्याचा पेला देता येतो, पण त्या हातात काठी नसेल तरच.