व्हीआरएस २३० ला गिअरबॉक्सचा वेगळा ऑइल कूलर: आंबा घाट आणि खारी हवा धरून

तुमचा प्रश्न असा समजलो: गाडी रत्नागिरीत, स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, स्टेज वन ट्यून केलेली (म्हणजे फक्त सॉफ्टवेअरनं इंजिनची ताकद वाढवलेली). कोल्हापूरला जाणं-येणं असतं आणि एप्रिल-मेमध्ये आंबा घाटात लोड ट्रकच्या मागे अडकलात की गिअरबॉक्स गरम झाल्याचा मेसेज येतो. म्हणून बाहेरून कूलर बसवायचाय. किती रोचा (म्हणजे तेलाच्या किती आडव्या थरांचा) घ्यावा, होज रत्नागिरीतच करून मिळतील का, आणि कुर्ल्याच्या भंगारातून एखादा वापरलेला कूलर आणला तर चालेल का, असं विचारलंत.

कूलर लावा, नाही म्हणत नाही. पण पैसे काढायच्या आधी गरमी नेमकी कुठून येते ते बघा. तुमच्या गाडीत सहा गिअरचा डीक्यू२५० आहे, म्हणजे ओल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). (पोलो जीटी टीएसआयवाले कोणी वाचत असतील तर त्यांनी कूलरचा विचार सोडावा. त्यांचा डीक्यू२०० कोरड्या क्लचचा, तिथे तेल क्लचला थंड करतच नाही.) डीक्यू२५० मध्ये दोन क्लच तेलात फिरतात आणि घसरले की सगळी उष्णता त्या तेलातच जाते. ट्रकच्या मागे चालण्याच्या वेगानं चढताना पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट पकडीत राहतो. ताशी १२० नं हायवेवर पळताना जी हीट होत नाही ती इथे दहा मिनिटांत होते.

त्यात कंपनीचा कूलर गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला, आणि तो हवेवर नाही, इंजिनच्या कूलंटवर चालतो. कूलंटच नव्वदच्या पुढे असेल तर तेल त्याच्या खाली येणार कसं? बाहेरचा कूलर ३५ अंशाच्या हवेवर चालतो, खरा फायदा तिथे आहे.

तर पहिलं काम लॉगिंग. व्हीसीडीएस (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) किंवा तसलंच काही लावा आणि दोन आकडे वेगवेगळे बघा: गिअरबॉक्स ऑइलचं टेम्परेचर आणि क्लचमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचं टेम्परेचर. क्लचचा आकडा उसळ्या मारतो, गिअरबॉक्सचा सावकाश चढतो. गिअरबॉक्सचा आकडा १३८ वर गेला की मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेला भाग) इंजिनचा टॉर्क कापायला लागतो, आणि १४५ च्या वर क्लचचं प्रेशरच सोडून देतो. घाटात, मागे एसटी असताना हे झालेलं कोणालाच नको.

क्लचचा आकडा वर आणि गिअरबॉक्सचा ११० च्या आतबाहेर, असं दिसलं तर कूलरनं फार फरक पडणार नाही. मग ट्यूनकडे बघा. या गाडीचा मूळ टॉर्क ३५० न्यूटन मीटर, आणि गिअरबॉक्सही साधारण तेवढ्याच हिशोबाचा. तुमच्या ट्यूनरनं इंजिन वाढवलं आणि गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरला हात लावला नसेल तर क्लच दाबून धरणारं प्रेशर जुनंच आहे, तो घसरणारच. शिवाय चालवायची सवय: चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा, पुढच्याला चांगलं अंतर जाऊ द्या आणि मग मॅन्युअलमध्ये पहिल्यावर एकदम निघा. फुकटचा उपाय आहे, पण आपल्याकडे मधे अंतर ठेवलं की आंब्याच्या पेट्या भरलेली पिकअप तिथे घुसते, हेही खरं.

दोन्ही आकडे चढत असतील तर मग कूलर. स्टॅक्ड प्लेटचा (चपट्या प्लेट एकावर एक रचलेला) घ्या, ट्यूब-अँड-फिनचा (नळीवर पत्र्याच्या पात्या बसवलेला) नको. माझ्या मते १३ ते १९ रो पुरे. मोठा घेतला म्हणून घाटात जास्त थंड होईल असं नाही, कारण रांगेत रेंगाळताना त्याच्यातून वाराच जात नाही. म्हणून पंखा हवाच. रिले आणि टेम्परेचर स्विच लावून, साधारण ९५ अंशाला चालू होणारा. पंखा नसलेला २५ रोचा कूलर ट्रॅकवर कामाचा, साखरपा ते आंबा या चढावर नाही. समोर आधीच कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर आहेत, त्यांच्यापुढे आणखी एक भिंत उभी करू नका. बंपरच्या बाजूच्या जाळीमागे, चाकाच्या पुढे जागा निघते का बघा. खाली लोंबता ठेवू नका, एकाच डायव्हर्जनवर तो जाईल.

कंपनीचा कूलर काढून तिथे नुसती अॅडाप्टर प्लेट लावायचीही पद्धत आहे. रोजच्या गाडीला मी ती सुचवणार नाही. मूळ कूलर थंड तेल लवकर गरमही करतो, तो राहू द्या, बाहेरचा त्याच्यापुढे सिरीजमध्ये (एकामागून एक) घ्या आणि मधे ८० अंशाच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट टाका. पावसात, गावातल्या गावात मांडवीपर्यंत जाऊन यायच्या फेऱ्यांत तेल थंडच राहिलं तर गिअर आडमुठे पडतात.

होजबद्दल. जेसीबीचे होज क्रिम्प करणारी दुकानं हायवेच्या कामामुळे आता जागोजागी आहेत आणि मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांचीही तशीच कामं चालतात. क्रिम्पिंगला हरकत नाही, त्यांचं ३७ अंशाच्या कोनाचं जेआयसी फिटिंग कूलरवाल्यांच्या एएन फिटिंगशी जुळतं. अडचण होजची आहे. दुकानदार नेहमीचा आर-वन (रबरी हायड्रॉलिक) होज देईल. तो प्रेशर हसत घेतो, पण त्याची तापमानाची हद्द साधारण १०० अंश. तुमचं तेल त्याच्या वर जाणार. पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा), स्टीलची जाळी असलेला आर-१४ होज मागा, तो २०० पर्यंत जातो. साइज आठ नंबरच्या खाली नको, दहा मिळाला तर उत्तम. बँजो फिटिंग (पोकळ बोल्टनं आवळायचं) टाळा, आणि स्क्रूचा क्लॅम्प तर या कामात हातातही धरू नका.

आता खारी हवा. इथे कूलर आतून नाही, बाहेरून मरतो. अॅल्युमिनियमच्या कूलरला स्टीलच्या पट्टीवर थेट बोल्टनं आवळलं की दोन धातूंच्या मधे खारट ओल बसते आणि अॅल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतो. मधे रबर बुश आणि नायलॉनचे वॉशर घाला. त्यानं हादरेही कमी बसतात. पंख्याच्या कनेक्टरला ग्रीस भरा. मासळीच्या गाड्यांचं पाणी रस्त्यावर सांडलेलं असतं, ते उडून थेट फिन्सवर जातं, म्हणून अधूनमधून साध्या नळाच्या गोड्या पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर मारला तर फिन्स झोपतात आणि पावसाळ्यातली तांबडी माती आणखी आत ठासते.

तेल भरताना बहुतेक जण फसतात ते असं: लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांत असताना, खालच्या ओव्हरफ्लो नळीतून बघायची असते. त्या टेम्परेचरला तुमचा थर्मोस्टॅट बंद, म्हणजे कूलर रिकामा. लेव्हल बरोबर दिसते, घाटात थर्मोस्टॅट उघडतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कूलरमध्ये निघून जातं. कूलर आणि होज आधी हातानं भरून घ्या, कूलरची तोंडं वरच्या बाजूला ठेवा म्हणजे हवा अडकत नाही, आणि एक चांगली गरम फेरी मारून, गाडी थंड झाल्यावर परत लेव्हल बघा. तेल ओल्या डीएसजीचंच. कंपनी ६०,००० किलोमीटरला बदला म्हणते, ट्यून केलेल्या आणि घाटात चालणाऱ्या गाडीला मी ४०,००० धरतो. फिल्टर त्याच वेळी.

भंगारातला कूलर नको. तो ज्या गिअरबॉक्सवर होता तो का उतरला हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, आणि प्लेटच्या मधे अडकलेला चुरा कितीही फ्लश केला तरी सगळा निघत नाही. तो निघतो तुमच्या गाडीत, गरम तेलाबरोबर, आणि थेट मेकॅट्रॉनिकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.