वाचकांचे प्रश्न: बर्लिनमधलं पॅलेस्टिनी जेवण आणि सोलापुरातला मकलूबा

मुलं जर्मनी-इंग्लंडला शिकायला गेली की आईवडिलांची एक तरी फेरी होतेच, आणि तिकडे खाल्लेलं इकडे करून बघायची हौसही मग सुटत नाही. या वेळची पत्रं त्यातलीच आहेत. सगळी सोलापूरची, आणि सगळी पॅलेस्टिनी जेवणाबद्दल.

मुलगी बर्लिनला शिकते. आम्ही दोघं मे महिन्यात तीन आठवडे जाणार आहोत. ती म्हणते, तिच्या भागात पॅलेस्टिनी हॉटेलं खूप आहेत. आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथे आमचं भागेल का? (वाचक, होटगी रोड)

भागेल, आणि बऱ्यापैकी चांगलं भागेल. मुलगी बहुधा नॉयकोल्न भागात राहत असावी. तिथल्या हेरमानप्लाट्झ स्टेशनापासून निघणारा झोननअले हा रस्ता अरबी दुकानांनी भरलेला आहे. बेकऱ्या, मिठाई, वाणसामान, फलाफलच्या (चण्याच्या तळलेल्या वड्यांच्या) गाड्यांसारखी छोटी हॉटेलं, सगळं एका ओळीत. बऱ्याच छोट्या ठिकाणी रोखच चालते, तेव्हा खिशात सुटे युरो ठेवा.

डोळे झाकून मागवावं असं: हमस (चणे आणि ताहिनी, म्हणजे वाटलेले तीळ, यांची चटणी), मुतब्बल (भाजलेल्या वांग्यात ताहिनी), फूल (शिजवलेला बाकला), झातर (त्याच नावाच्या रानपाल्याचा, तीळ घातलेला मसाला) लावलेली मनाकीश (भाजलेली रोटी), फत्तूश सॅलड, आणि मिळाला तर मुजद्दरा. मुजद्दरा म्हणजे अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तळलेला कांदा. पोट भरतं, मांस नसतं, आणि सोबत दही मागितलं की आपल्या माणसाला जेवल्यासारखं वाटतं.

चकवा बसतो तो वेगळ्याच जागी. मसुराचं सूप दिसायला शाकाहारी, पण ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. साध्या भाताचं आणि मफ्तूलचंही (गव्हाच्या बारीक वळलेल्या दाण्यांचंही) तेच. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या दोन तऱ्हेच्या असतात, एक खिम्याची आणि एक नुसत्या तांदळाची. बिनमांसाची हवी तर ‘यालांजी’ म्हणा. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलं तर समोरचा मांसाचे तुकडे काढून देईल, रस्सा तोच राहील. म्हणून जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश, ओने ह्यूनरब्र्यूए’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे मांस नको आणि कोंबडीचं पाणीही नको. फलाफलच्या तेलात आणखी काय तळतात तेही विचारा. विचारल्याचा कुणी राग मानत नाही. कुनाफा या मिठाईतल्या चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) असू शकतं, ते चालत नसेल तर बकलावा (सुक्यामेव्याची मिठाई) घ्या.

कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर यादी फारच आखडते: लबने (टांगून घट्ट केलेलं दही) ऑलिव्ह तेलासकट, झातरची मनाकीश, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो. हमसमध्ये लसूण बहुतेक असतोच.

पाटी ‘लेबनीज’ किंवा ‘ओरिएंटल’ अशी आणि मालक पॅलेस्टिनी, असं मुलगा सांगतो. मग पॅलेस्टिनी जेवण ओळखायचं कशावरून? (वाचक, सात रस्ता)

पाटीवर जाऊ नका, मेनू बघा. लेबनॉनमध्ये 1975 ते 1990 यादवी चालू होती. त्या काळात तिथल्या छावण्यांमधून हजारो पॅलेस्टिनी कुटुंबं बर्लिनला आली. त्यांनी हॉटेलं काढली तेव्हा गिऱ्हाइकाला ओळखीची असलेली लेबनीज पाटी लावणं सोयीचं होतं. हमस, फलाफल, तब्बूले तर त्या साऱ्या पट्ट्यात सगळ्यांचंच. त्यावरून काही कळत नाही.

खूण पटते ती या पदार्थांवर: मुसखन (सुमाक, म्हणजे आंबट लाल फळांची पूड, घातलेला भरपूर कांदा, ऑलिव्ह तेल आणि कोंबडी, सगळं रोटीवर), मकलूबा (थर लावून शिजवलेला आणि ताटात उलटून वाढलेला भात), मफ्तूल (बुलगुरच्या, म्हणजे उकडून भरडलेल्या गव्हाच्या, कण्यांवर पीठ वळून केलेले बारीक दाणे), हेब्रॉन शहराकडची किद्रा (मांस घातलेला मसालेभात), आणि नाबलुस शहराचा कुनाफा. कोळंबी मातीच्या भांड्यात टोमॅटो, हिरवी मिरची आणि शेपू घालून केलेली दिसली तर स्वयंपाकघरात गाझाचं माणूस आहे असं समजायला हरकत नाही. हिरवी मिरची आणि शेपू ही गाझाची जोडी आहे; उत्तरेकडचं जेवण त्या मानाने सौम्य. सोलापूरच्या जिभेला गाझाचंच लवकर पटेल.

मकलूबा आणि मुसखन हे घरचे, वेळखाऊ पदार्थ. छोट्या हॉटेलात ते रोज नसतात, ठरावीक वारी करतात, पुष्कळदा शुक्रवारी. आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

मुलगा लंडनला जाणार असेल तर नॉटिंग हिलमधलं ‘अकूब’ बघा. बेथलेहेमचे शेफ फादी कत्तान यांनी ते 2023 मध्ये सुरू केलं. तिथे फलाफल-रोटीचा साधा खाक्या नाही, जेवण निवांत आणि बिल जड. नाव ज्या काटेरी रानभाजीचं आहे, ती तोडण्यावर इस्रायलने 2005 मध्ये बंदी घातली. रानातल्या झातरवर त्याआधीच, 1977 मध्ये घातली होती. स्वीडनमधलं माल्मो मात्र स्वस्त फलाफलसाठीच नावाजलेलं आहे.

मकलूबा उलटला की ढासळतो. कधी भात गिच्च होतो, कधी निम्मा थर पातेल्यातच राहतो. कुठे चुकतं? (वाचक, जुळे सोलापूर)

तीन जागा तपासा: पातेलं, वांगी आणि पाणी.

पातेलं आधी. सरळ भिंतीचं, साधारण 20 ते 22 सेंटिमीटर रुंद आणि निदान 15 सेंटिमीटर उंच हवं. पसरट पातेल्यात थर पातळ होतात आणि उलटल्यावर ढीग पसरतो. हंडी किंवा तोंडाशी निमुळतं भांडं असेल तर भात बाहेरच येत नाही. आतल्या झाकणाचा कुकर म्हणूनच बाद, त्याचं तोंड पोटापेक्षा अरुंद. बाहेरून झाकण लागणारा कुकर नुसतं भांडं म्हणून वापरता येईल, शिट्टीशिवाय, वर साधं ताट ठेवून.

चार-पाच माणसांना 2 वाट्या (400 ग्रॅम) तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि पूर्ण निथळा. बासमती किंवा कोलम चालेल. इंद्रायणी नको, तो चिकट होतो आणि थर एकजीव बसतात. भरताची दोन मोठी वांगी (600 ग्रॅम) दीड सेंटिमीटर जाड चकत्यांत कापून मीठ लावा, अर्ध्या तासाने सुटलेलं पाणी फडक्याने टिपा, मग तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस तळा. ही पायरी गाळली की वांगं तेल पितं, पुढे भातात पाणी सोडतं, आणि भात गिच्च होतो. आपली काटेरी छोटी वांगी इथे कामाची नाहीत. फ्लॉवरचे मोठे तुरे आणि बटाट्याच्या चकत्याही तळून घ्या. शाकाहारी मकलूब्यात 1 वाटी शिजवलेले काबुली चणे घाला, नाहीतर नुसता भाजीभात लागतो.

पातेल्याच्या तळाला 2 चमचे तेल, त्यावर टोमॅटोच्या चकत्या. टोमॅटो तळाशी असला की भात करपत नाही आणि उलटल्यावर वर लाल तोंड दिसतं. मग वांगी तळाला आणि कडेने भिंतीला टेकवून लावा. त्यावर बटाटा, फ्लॉवर, चणे, शेवटी तांदूळ. हाताने हलकेच दाबून घ्या.

पाणी 3 वाट्या, उकळतं. त्यात दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, 1 चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा दालचिनीपूड आणि असेल तर अर्धा चमचा ऑलस्पाइस. ओतताना तांदळावर एक बशी पालथी ठेवून तिच्यावर ओता, म्हणजे थर विस्कटत नाहीत. मोठ्या आचेवर उकळी आली की आच अगदी बारीक, झाकणाला फडकं गुंडाळून 25 मिनिटं. ढवळायचं नाही, मध्ये चमचाही घालायचा नाही.

गॅस बंद केल्यावर 20 मिनिटं झाकण उघडू नका. बहुतेक मकलूबे या घाईतच फुटतात. गरम भातात वाफ असते, तो तेव्हा एकमेकांना धरत नाही. नंतर पातेल्यापेक्षा मोठं, सपाट ताट वर ठेवा, दोन्ही एकत्र घट्ट धरून एका झटक्यात उलटा, आणि पातेलं तसंच पालथं 5 मिनिटं राहू द्या. बुडावर चारही बाजूंनी थापट्या मारा आणि सरळ वर उचला. तिरकं उचललंत तर कडेची वांगी सोबत जातील. एवढं करूनही एखादी चकती पातेल्यात राहिलीच तर काढून जागेवर बसवा, पॅलेस्टाइनमधल्या आज्याही तेच करतात.

हमस खरखरीत होतं, आणि फलाफल तेलात गेलं की विरघळतं. (वाचक, विजापूर रोड)

दोन्हीला चणे तेच, पण वागणूक उलटी. हमसचे चणे शिजून लोण्यासारखे व्हायला हवेत. फलाफलचे शिजवायचेच नसतात.

हमससाठी 250 ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा. पाणी बदलून अर्धा चमचा खायचा सोडा घाला आणि बोटांत धरताच पिठासारखे कुस्करतील इतके शिजवा. सोड्याने सालं मऊ पडतात. खरखर सालांचीच असते. निथळून कोमट असतानाच वाटा. मग 150 ग्रॅम ताहिनी, 4 मोठे चमचे लिंबाचा रस, 2 पाकळ्या लसूण, मीठ, आणि मिक्सर चालू असताना बर्फाचं पाणी 5-6 मोठे चमचे, थोडं थोडं. गार पाण्याने ताहिनी फुलते आणि हमस पांढुरकं, हलकं होतं. तेल आत घालू नका, वरून घाला.

ताहिनी घरी करायची तर सालं काढलेले पांढरे तीळ घ्या. गावरान तीळ कडवट लागतात. 200 ग्रॅम तीळ मंद आचेवर गरम होईपर्यंतच भाजा, रंग बदलला की तीही कडू. 4 मोठे चमचे सूर्यफुलाचं तेल घालून छोट्या भांड्यात थांबत थांबत वाटा, धार पडेपर्यंत.

फलाफलसाठी 250 ग्रॅम चणे 12 ते 18 तास भिजवून निथळा आणि फडक्यावर कोरडे करा. एक कांदा (पिळून), 3 पाकळ्या लसूण, मूठभर कोथिंबीर आणि पार्सली, जिरे-धणे प्रत्येकी 1 चमचा, मीठ. वाटताना पाणी नाही. जाड रव्याइतकं भरड ठेवा आणि मुठीत दाबून आकार धरतो का बघा. धरत नसेल तर आणखी एक फेरा फिरवा. अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि तळायच्या आधी अर्धा चमचा खायचा सोडा मिसळा. तेल कमी तापलेलं असेल तर फलाफल विरघळतं. चिमूटभर मिश्रण टाकून ते लगेच वर येतं का बघा, मगच फलाफल तेलात टाका. बेसन घालून बांधू नका, त्याची भजी होतात.

सुमाक सोलापुरात मिळत नाही. आणि आपल्या डाळिंबाचं काही पॅलेस्टिनी करता येईल का? (वाचक, पंढरपूर रोड)

सुमाक ऑनलाइन मागवा. 100 ग्रॅमचं पाकीट वर्षभर पुरतं. फत्तूशवर भुरभुरायला अनारदाण्याची पूड किंवा थोडं आमचूर चालून जातं. मुसखनात मात्र नाही: तिथे किलोभर कांद्याला 3 मोठे चमचे सुमाक लागतं, आणि तितकं आमचूर घातलं तर तोंडात जाणार नाही.

डाळिंबाची रुम्मानिया जरूर करा. गाझाचा हा पदार्थ सोलापूरच्या मंडईतच उभा राहतो: अख्खा मसूर, वांगी, डाळिंब, लसूण, हिरवी मिरची आणि बाळंतशोप. अडचण एकच, त्यांचं डाळिंब आंबट आणि आपला भगवा गोड. म्हणून दीड वाटी रसाला 3 मोठे चमचे लिंबाचा रस घाला. रस काढताना मिक्सर दोन सेकंदच फिरवा. बिया भरडल्या तर रस कडवट होतो.

1 वाटी मसूर, 1 चमचा जिरे आणि 1 चमचा बाळंतशोप भरडून, 4 वाट्या पाण्यात अर्धवट शिजवा. अर्धा किलो वांगी सोलून फोडी करून घाला. वांगी मऊ झाली की रस, 2 ठेचलेल्या मिरच्या, मीठ, आणि पाण्यात कालवलेला दीड मोठा चमचा मैदा. सतत ढवळत 8-10 मिनिटं, मग 2 मोठे चमचे ताहिनी. पाव वाटी ऑलिव्ह तेलात 8 पाकळ्या लसूण सोनेरी करून वरून ओता. लोखंडी कढई वापरू नका, डाळिंबाच्या रसाने सगळं काळं पडतं आणि लोखंडाची चव येते. गार होताना घट्ट होते, म्हणून गॅसवरून उतरवताना पातळच ठेवा. ही गारच खातात, रोटीशी. ज्वारीच्या भाकरीशीही छान जाते.

युरोपातून परतताना काय आणावं? (वाचक, अक्कलकोट रोड)

सुमाक, झातर आणि फ्रीके. फ्रीके म्हणजे कोवळा गहू शेतातच आगीवर भाजून, चोळून, वाळवलेला. आपला हुरडा वर्षभर टिकवला असता तर असाच धुरकट लागला असता. झातर घेताना पाकिटावरची यादी वाचा: पान, तीळ, सुमाक, मीठ एवढंच हवं. गव्हाचं पीठ आणि सायट्रिक ॲसिड दिसलं तर ठेवून द्या. पॅलेस्टिनी ऑलिव्ह तेल इंग्लंडमध्ये फेअरट्रेडच्या शिक्क्यासह मिळतं. गडद बाटली घ्या आणि काढणीचं वर्ष बघा. तेल आणि ताहिनी मोठ्या बॅगेतच टाका. ताहिनी विमानतळावर द्रव पदार्थात मोजतात, हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली असेल तर अनेक ठिकाणी काढून घेतात. बाटलीच्या तोंडाला टेप, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग जुना टॉवेल.