अभिनेत्री नंदा मराठी होती का, आणि इतक्या लहानपणी सिनेमात का आली?

हो, अगदी अस्सल मराठी. नंदा कर्नाटकी, अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायकांची मुलगी. १९४७ साली विनायक गेले, घरात खाणारी तोंडं बरीच आणि पैसा नाही, म्हणून ‘बेबी नंदा’ कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हौसेचा प्रश्नच नव्हता.

मोठी झाल्यावर व्ही. शांतारामांनी ‘तूफान और दिया’त (१९५६) घेतलं. तिथून आणि ‘छोटी बहन’पासून (१९५९) तिच्यावर सोशिक बहिणीचा शिक्का बसला. ‘आंचल’साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, पण तो शिक्का खऱ्या अर्थाने पुसला ‘जब जब फूल खिले’नं (१९६५). शशी कपूर सुरुवातीला मोठ्या नायिकांना नको होता, ही मात्र बिनधास्त त्याच्याबरोबर सिनेमे घेत राहिली. माझ्या मते तिचं सर्वांत धाडसी काम ‘इत्तेफाक’मधलं (१९६९): एकही गाणं नाही आणि भूमिका चक्क करड्या छटेची! पुढे ‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) ती आईच्या भूमिकेत दिसली. २०१४ मध्ये मुंबईत गेली.

आपल्या इंदूरकरांसाठी एक धागा सांगतो. इथेच जन्मलेल्या लताबाईंना (मंगेशकर) वडील दीनानाथ गेल्यावर याच मास्टर विनायकांनी आधार दिला होता. आणि ‘हम दोनों’मधलं लताबाईंचं ‘अल्ला तेरो नाम’ पडद्यावर म्हणते ती नंदाच. आमच्या आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, “मला ठाऊक होतं, तू कधी विचारलंस?”