'ब्रेकिंग बॅड'च्या 'ओझीमँडियास' एपिसोडमधला वॉल्टचा फोन खरा होता की नाटक? आणि स्कायलरने नवऱ्यावर सुरी उचलली ते बरोबर होतं का?

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: वॉल्ट हा चोरून ड्रग बनवणारा केमिस्ट्रीचा शिक्षक, स्कायलर त्याची बायको, आणि घरातून पळून गेल्यावर तो तिला फोन करतो, तोच हा फोन. फोन नाटक होतं. पोलीस घरात बसून ऐकतायत हे वॉल्टला पक्कं माहितीये, तो आधी विचारतो की पोलीस आहेत का तिथे, ती नाही म्हणते, आणि मग तो जे काही ओरडतो ते त्यांनी ऐकावं म्हणूनच, की सगळं मी एकट्याने केलं, हिचा काही संबंध नाही, हिला मी धमकावून गप्प बसवलं. स्कायलरला ते अर्ध्यात कळतं. स्कायलर झालेल्या ॲना गनचे डोळे बघा तिथे, आधी नुसती भीती असते, मग काहीतरी लक्षात येतं आणि मग ती हळूच सॉरी म्हणते. मोइरा वॉली-बेकेटला याच एपिसोडच्या लेखनासाठी 2014 चा एमी मिळाला, तो असल्याच जागांसाठी. झालं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं. म्हणजे पूर्ण नाही संपलं, पण त्यावर नंतर येते.

तुमचा दुसरा प्रश्न वाचून खरं सांगू तर डोकंच फिरलं. तुमच्यावर राग नाही. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने विचारला होता, तोही वहिनी शेजारी बसलेली असताना.

दादा वॉल्टचा भक्त आहे. काळ्या हॅटचं चित्र असलेला टीशर्ट, मोबाइलला तोच वॉलपेपर, सगळं. हा एपिसोड त्याने आधी पाहिलेला, आम्हाला दाखवायची हौस त्याचीच, आयएमडीबीवर वर्षानुवर्षं दहापैकी दहा असलेला एपिसोड आहे वगैरे प्रस्तावना झाली. पण थोडं मागचं सांगायला हवं नाहीतर कळणार नाही मी का चिडले. त्याच्या आधी काही महिने घरात मोठा राडा झाला होता. दादा घरात कुणालाही न सांगता शेअर बाजारात फ्युचर-ऑप्शन खेळत होता. आधी बोनस घातला, मग एफडी मोडली, मग पर्सनल लोन काढलं, आणि वहिनीला कळलं ते कसं तर तो आंघोळीला गेलेला असताना हप्ता थकल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला म्हणून. तिने विचारलं तर आधी म्हणाला फ्रॉड मेसेज आहे. मग म्हणाला मित्रासाठी काढलं. मग खरं सांगितलं, आणि खरं सांगितल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हे सगळं मी घरासाठीच करत होतो ना."

वहिनीने त्याच संध्याकाळी आई-बाबांना आणि मला बसवून सगळं सांगितलं, बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून, आवाज न चढवता. आणि आमच्या नातेवाईकांत पुढे काय चर्चा झाली असेल? दादाने काय केलं याची नाही. हिने नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं याची. सांभाळून घ्यायला हवं होतं म्हणे! सेबीने 2024 मध्ये आकडेवारी काढून सांगितलं की या धंद्यात दहातल्या नऊहून जास्त लोकांचे पैसे बुडतात, पण आमच्याकडे बुडवणाऱ्यापेक्षा सांगणारीच वाईट.

तर असे आम्ही तिघं बसलो होतो टीव्हीसमोर.

आता तो सुरीचा सीन नीट आठवा. लोक धड बघत नाहीत आणि मतं मांडतात. एपिसोड सुरू होतो फ्लॅशबॅकने, वाळवंटात ती जुनी व्हॅन, वॉल्ट आणि त्याचा साथीदार जेसीचा पहिला कुक, म्हणजे ड्रग बनवणं, आणि वॉल्ट बाहेर उभा राहून बायकोला फोनवर काय थाप मारायची त्याची प्रॅक्टिस करतोय, कार वॉशचा मालक बोगदान सोडत नाहीये वगैरे. अगदी हातवारे करून तालीम. मग फोन लावतो. इकडे स्कायलर, पोटुशी, किचनमध्ये येऊन फोन उचलते, आणि फोनच्या बाजूलाच सुऱ्यांचा लाकडी स्टँड आहे. ती खुशीत, मुलीचं नाव हॉली ठेवूया का विचारते. तिला काहीच माहीत नाही, पण फोनवर येणारी ती पहिली थाप आहे. मग व्हॅन, जेसी, वॉल्ट एकेक करून विरून जातात आणि त्याच जागेवर आत्ताचा गोळीबार उभा राहतो.

नंतर त्याच घरात वॉल्ट पळून जायला बॅगा भरतोय. हँक, म्हणजे स्कायलरच्या बहिणीचा नवरा, ड्रग्जविरोधी खात्यातला अधिकारी, मेलाय. बाहेरच्या ट्रकमध्ये एक पिंप आहे, त्यात 1 कोटी 10 लाख डॉलर, आठ कोटींतले हँकला मारणाऱ्या जॅकच्या टोळीने उदार होऊन परत दिलेले. स्कायलर विचारते, हँक कुठंय? आणि हा माणूस उत्तर काय देतो, तर सामान भरा, माझ्याकडे पैसे आहेत, आपण नव्याने सुरुवात करू. ती परत परत विचारते. तिला कळतं. मग कॅमेरा त्याच जागेवर येतो, फोन आणि शेजारी सुऱ्या, आणि ती सुरी उचलते. आधी नुसती उगारते, त्याला घराबाहेर जा म्हणते, तो पुढे येत राहतो तेव्हा त्याचा तळवा कापला जातो. तो थांबला असता तर काही झालं नसतं. पण तो कधी थांबलाय?

इथे दादाने पॉज केलं आणि म्हणाला, "बघितलंस, ज्याने सगळं हिच्यासाठी केलं त्याच्यावर सुरी. हे बरोबर आहे का?"

वहिनी काहीच बोलली नाही. मी म्हणाले, रिमोट दे. तो म्हणाला आधी उत्तर दे. मग आमचं जे सुरू झालं ते जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी चालू होतं, आणि त्यात वॉल्टचं नाव कमी आणि बाकीचंच जास्त आलं. मी त्याला एकच विचारत होते की घरासाठी केलंस तर घरातल्या कुणाला विचारलं होतंस? सांगून करायचं ना मग, ती नाही म्हणाली असती म्हणूनच सांगितलं नाहीस. याचं उत्तर त्याच्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाहीये. तो म्हणतो तू सिरीयल आणि आयुष्य मिक्स करतेस. टीशर्ट कोण घालतंय पण?

असो. मुलाचं बघा ना. त्या झटापटीत फ्लिन, ज्याला दुपारीच सगळं कळलंय आणि जो आत्तापर्यंत बापाच्या बाजूने असायचा, तो आईच्या अंगावर आडवा पडून तिला झाकतो आणि पोलिसांना फोन लावतो. आणि वॉल्ट ओरडतो काय, तर आपण एक कुटुंब आहोत! जमिनीवर बायको-पोरगा आपल्याला घाबरून मागे सरकतायत आणि हा कुटुंब म्हणतोय. मग तान्ह्या हॉलीला उचलून पळतो, स्कायलर ट्रकमागे धावते आणि रस्त्यात गुडघ्यावर कोसळते. मला सगळ्या सिरीयलमध्ये याच्याइतकं बघवत नाही असं दुसरं काही नाही, हँकचं मरणसुद्धा नाही.

आता फोनकडे परत येते. नाटक होतं हे मान्य, पोलिसांना ऐकवायला होतं हेही मान्य. पण शब्द कुठून आले? तू माझं कधी ऐकलंच नाहीस, सारखी कुरकुर, मी उभं केलं त्याची तुला किंमत नाही, हे त्याला क्षणभरही शोधावं लागत नाही, सगळं तयार असतं तोंडात. रडतोय आणि बोलतोय. दादासारख्यांचं म्हणणं असं की नाटक होतं म्हणजे ते शब्द मोजायचेच नाहीत, उलट बघा बायकोला वाचवायला किती मोठा त्याग केला. मला पटत नाही. बायकोला वाचवायचंय हे खरं आणि ती मळमळ पण खरी, दोन्ही एकाच वेळी, आणि वॉल्ट झालेला ब्रायन क्रॅन्स्टन ते दोन्ही एका दमात करतो म्हणून तो सीन इतका चांगलाय. आणि वाचवायचंय कुणापासून, तर त्याने स्वतःच करून ठेवलेल्यापासून.

स्कायलरचा द्वेष ही तर वेगळीच गंमत आहे. ॲना गनने ऑगस्ट 2013 मध्ये, म्हणजे हा एपिसोड यायच्या काही आठवडे आधी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता की लोक स्कायलरचा राग करता करता खुद्द तिच्यावरच घसरले, तिला मारून टाकायचंय, कुठे सापडेल अशी पोस्टसुद्धा कुणीतरी टाकली होती. नायक विष घालतो, माणसं ॲसिडमध्ये विरघळवतो, जेसीच्या मैत्रिणीला, जेनला, डोळ्यांसमोर मरू देतो आणि याच एपिसोडमध्ये ते जेसीला तोंडावर ऐकवतो, तरी तो भारी. आणि बायको विचारते की रात्रभर कुठे होतास, तर ती डोकेदुखी. त्यानंतर ॲना गनला लागोपाठ दोन एमी मिळाले, 2013 आणि 2014, पण तिला शिव्या घालणाऱ्यांना त्याचं काय.

हां, स्कायलर काही साध्वी नाहीये, हे लिहिलं नाही तर कमेंटमध्ये तेच येणार. तिचा बॉस टेडबरोबरचं प्रकरण आहे, कार वॉशमधून पैसे पांढरे करायला तीच बसली होती, आणि जेसीला संपवून टाक हे थोडंच आधी तिनेच सुचवलं होतं. सुरी उचलण्याऐवजी शेजारचा फोन उचलायला हवा होता असं म्हणत असाल तर शांत डोक्याने मलाही ते पटतं, पोरगा घरात होता, कुणाचाही जीव गेला असता. आणि माझी वहिनी म्हणजे स्कायलर नाही, दादा म्हणजे वॉल्ट तर अजिबातच नाही, वॉल्ट निदान केमिस्ट्रीत हुशार होता.

खाली तुम्ही विचारलंय की यानंतरचे दोन एपिसोड बघायची गरज आहे का, सगळं इथेच संपलंय ना. बघाच. 'ग्रॅनाइट स्टेट' जरा रेंगाळतो पण 'फेलिना' सोडू नका, कारण त्यात वॉल्ट स्कायलरच्या समोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने कबूल करतो की मी हे माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं. आमच्याकडे तो सीन आला तेव्हा रिमोट माझ्याकडे होता, मी पॉज केलं आणि दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "ते तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय तो."